टाचेखालचा टॉवेल

[दृश्य: बाकावर ताणलेला पाय, जवळून. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी.]

टॉवेल टाचेखाली आहे, गुडघ्याखाली नाही. एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन करून पेशंट घरी आला की घरातलं कुणीतरी मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवतं. बरंही वाटतं, कारण सुजलेला गुडघा जरा वाकलेला असला की आतला दाब कमी होतो. पण दोन आठवडे तो तसाच राहिला, तर तिथेच अडायला लागतो. गुंडाळी टाचेखाली घेतली की पायाचं वजनच गुडघ्याला खाली आणतं. १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पाहणाऱ्याला वाटेल, पेशंट नुसता पडून आहे. त्याचा चेहरा पाहा.

[दृश्य: फिजिओची बोटं मांडीवर, वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला.]

"मांडी आवळा." पेशंट श्वास रोखतो, खांदे वर जातात, मांडी मात्र ढिम्म. स्नायू तुटलेला नसतो. सांध्यात पाणी आणि सूज आहे तोवर मांडीला मिळणारा हुकूमच दबलेला असतो. म्हणून पाय उंच ठेवणं आणि कापडावरून १५-२० मिनिटं बर्फ लावणं याला लाड समजू नका, व्यायाम तिथूनच सुरू होतो. आवळून ५ सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा. आणि आता... वाटी सरकली. जेमतेम काही मिलिमीटर, पण वर सरकली.

[दृश्य: पेशंट पालथा. दोन्ही पाय गुडघ्यापासून बाकाबाहेर, टाचा शेजारी शेजारी.]

एक टाच दुसरीपेक्षा वर राहिली आहे. हा फरक पट्टीनं मोजतात: १ सेंटीमीटर म्हणजे सरळ होण्यात साधारण १ अंशाची तूट. पाच अंश कुणाला फार वाटत नाहीत, पण तेवढ्यानं चाल लंगडते, मांडी भरत नाही आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. 'किती वाकतो?' हे घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. 'पूर्ण सरळ होतो का?' हे कुणी विचारत नाही. वाकणं सहसा मागाहून मिळवता येतं. सरळ होणं अडून राहिलं, तर कधी सांध्याच्या पुढच्या भागात व्रणाची गाठ सापडते आणि ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते.

[दृश्य: चाळीचा जिना, कुबड्या.]

चढताना आधी चांगला पाय. उतरताना आधी कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय. लिगामेंटबरोबर मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवला असेल, तर वजन किती टाकायचं आणि ९० अंशांच्या पुढे कधी वाकवायचं, यावर सर्जन बरेचदा ४ ते ६ आठवडे लगाम ठेवतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा तक्ता आपल्याला लागू पडत नाही तो यासाठीच.

[दृश्य: जागेवरची सायकल. पेडल अर्ध्यात येऊन थांबतं.]

पेडलचा पूर्ण फेरा घ्यायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. तोवर पेडल नुसतं पुढे-मागे झुलवायचं. इथे प्रत्येक जण एकदा तरी लबाडी करतो: कंबर उचलतो. फिजिओ खांद्यावर हात ठेवते. पहिला पूर्ण फेरा बहुधा उलटा होतो, सुलटा त्यानंतर.

नवं लिगामेंट मांडीच्या मागच्या स्नायुबंधांतून घेतलं असेल, तर आणखी एक सावधगिरी. सुरुवातीच्या आठवड्यांत बुटात टाच खेचून घालताना किंवा घाईनं वाकताना मांडीमागे अचानक 'टक्' होतं आणि पेशंट हादरतो, ग्राफ्ट, म्हणजे बसवलेलं नवं लिगामेंट, गेला असं वाटून. बहुतेकदा ग्राफ्ट जागेवरच असतो, ताणलेली असते ती स्नायुबंध काढलेली जागा. तरी एकदा दाखवून घ्यावं. पोटरी सुजून घट्ट झाली आणि दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कारण ती रक्ताची गाठ असू शकते.

[दृश्य: फिजिओथेरपीची खोली, दुपार. अर्ध्या खाटा रिकाम्या.]

तिसऱ्या महिन्यात खोली ओस पडते. दुखणं थांबलेलं, सूज उतरलेली, चाल नेहमीसारखी. आत मात्र ग्राफ्टमध्ये नव्या रक्तवाहिन्या रुजत असतात, जुने तंतू मोडून नवे भरत असतात, आणि याच सुमारास तो बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा असतो. न दुखणारा गुडघा आणि तयार गुडघा यांत सहा महिन्यांचं अंतर आहे. वळणं घेणाऱ्या, उड्या मारणाऱ्या खेळाकडे ९ महिन्यांच्या आत परतू नये. ते अंतर न पाळणाऱ्यांपैकी काही जण पुन्हा त्याच टेबलावर येतात.

[दृश्य: जमिनीवर मोजपट्टी. एका पायावर उडी.]

ऑपरेशनच्या पायानं मारलेली उडी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरावी. यात एक मेख आहे: एवढ्या महिन्यांत दुसरा पायही ढिला पडलेला असतो, त्यामुळे आकडा फसवा निघू शकतो. म्हणून अंतराच्या आधी पाय टेकण्याकडे पाहायचं. गुडघा आत कलंडला, तर उडी कितीही लांब जावो, नापास.

[दृश्य: कबड्डीचं मैदान, संध्याकाळ. समोर एकही बचावपटू नाही.]

आठवा महिना. पकड अजून बंद आहे. रेडर मध्यरेषा ओलांडतो, बोनस रेषेपर्यंत जातो, ऑपरेशनच्या पायावर वळतो आणि परत येतो.

[निवेदन नाही. मातीवर पायांचा आवाज.]