शेंगेचा वास, अंगाला

(दृश्य: सकाळचे सात. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं सावई वेरे. पोफळींमधून खाली उतरणारं ऊन. पाटाच्या पाण्याचा आवाज.)

हे फूल आज पहाटे उमललं. दुपारपर्यंत मिटेल आणि पुन्हा उघडणार नाही. रंग फिकट, हिरवट-पिवळा. नाक अगदी जवळ नेलं तरी वास जवळजवळ नाहीच. व्हॅनिलाचं फूल आहे, पण व्हॅनिलाचा वास अजून कुठेच नाही.

काकी या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळींच्या मिश्र बागेच्या, मालकीण. फुलांच्या दिवसांत त्या रोज चहाआधी वेलीखाली येतात. हातात माडाच्या झावळीचा हीर, टोकाला तासून गुळगुळीत केलेला. डाव्या हातात फूल धरायचं. हिराने पुढची पाकळी बाजूला सारायची. आत एक इवलासा पडदा दिसतो. पडद्याच्या एका बाजूला पराग, दुसऱ्या बाजूला ते जिथे पोचायला हवेत ती जागा. हा पडदा हिराने वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग हलकेच दाबायचे. झालं. दुसरं फूल.

मी एकदा करून पाहिलं. काकींनी माझा हात धरला.

“बाय, जोर नको. पोराच्या कपाळाला गंध लावतेस ना, तेवढाच हात.”

(दृश्य: काकींचं बोट, फुलाच्या आत. अगदी जवळून.)

काजू, मिरची, अननस ज्या खंडातून गोव्यात आले, तिकडचीच ही वेल. मूळ मेक्सिकोची. ऑर्किडच्या कुळातली. तिच्या मायदेशी हे काम छोट्या मधमाश्या करतात. बाकीच्या जगात त्या माश्या नाहीत. म्हणून युरोपीय लोकांनी वेल कुठे कुठे नेऊन लावली, ती वाढली, फुलली, पण शेंग धरेना. ही अडचण सोडवली हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरच्या एका 12 वर्षांच्या मुलाने. एदमों आल्बियुस त्याचं नाव. तो गुलाम होता. 1841 साली त्याने काडी आणि अंगठा वापरून ही युक्ती शोधली. तिच्यावर मादागास्करसकट साऱ्या जगाचे मळे उभे राहिले, आणि तो स्वतः 1880 मध्ये गरिबीत गेला. काकींच्या अंगठ्यातली हालचाल त्याची आहे. हे मला इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

(दृश्य: कुळागरातून चालणारा कॅमेरा. माड, पोफळी, जायफळ, मिरवेल, केळी.)

2000 च्या एप्रिलमध्ये हुडा चक्रीवादळाने मादागास्करला झोडपलं आणि व्हॅनिलाचे भाव आभाळाला भिडले. केरळ-कर्नाटकात घरोघर वेली लागल्या. काकींच्या सासऱ्यांनीही तेव्हाच दोन कांड्या आणून पोफळीच्या बुंध्याशी लावल्या. चार-पाच वर्षांत भाव कोसळले. पुष्कळांनी वेली उपटून टाकल्या. इथली राहिली, कारण कुळागरात कुणी कुणाच्या आड येत नाही. अर्धी सावली, पाटाचा ओलावा, पालापाचोळ्याचं खत, एवढ्यावर ती चढत राहिली.

आता शेंगेकडे येऊ. फळ धरल्यापासून तयार व्हायला नऊ महिने लागतात. म्हणजे शेंगा काढायच्या त्या पाऊस सरल्यावर. ही हिरवी शेंग मोडून पाहा. वास येतो तो चिरलेल्या घेवड्याचा. चीक हाताला लागला तर खाज सुटते. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. काकी शेंग काढल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत, मलाही लावू देत नाहीत.

मग हा वास येतो कुठून? शेंगेत तो आधीपासून असतो, पण साखरेशी बांधलेला. त्याची गाठ सुटावी लागते.

(दृश्य: मागचं दार. चुलीवर पाणी. काकी थर्मामीटर बुडवून बघत आहेत.)

पाणी 63 ते 65 अंश. उकळी नाही. त्यात शेंगा 3 मिनिटं. एवढ्याने शेंगेची वाढ थांबते आणि तिच्यातलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं. बाहेर काढल्या की गरम असतानाच कांबळ्यात गुंडाळायच्या. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर हिरवा रंग जाऊन तपकिरी झालेला असतो. शेंगांना घाम फुटलेला असतो, आणि पहिल्यांदा, अगदी पुसट, गुळासारखा वास येतो. मग रोज थोडा वेळ ऊन, पुन्हा कांबळं. आठवडाभर, दहा दिवस. त्यानंतर सावलीत काही आठवडे. शेवटी डब्यात बंद करून दोन-तीन महिने. सुमारे सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो तयार शेंग होते.

काकींनी डबा उघडला. काळपट, चकचकीत, बोटाला गुंडाळली तरी न मोडणारी शेंग. वास कसला म्हणाल? गूळ आहे, मनुका आहे, आजीच्या लाकडी पेटीचा आहे, आणि पाठोपाठ काहीतरी धुरकट. व्हॅनिलिन हा त्यातला मुख्य रेणू. तो शेंगेत जेमतेम दोन टक्के भरतो. त्याच्या जोडीला दोनशेहून जास्त घटक असतात. बाजारातल्या बहुतेक ‘व्हॅनिला’मध्ये हा एकच रेणू असतो, कारखान्यात केलेला. 1874 मध्ये जर्मनीत तो पहिल्यांदा बनवला गेला. तो विष नाही. रेणू तोच. पण शेंगेचं सगळं गाणं त्यात येत नाही, एकच सूर येतो. आणि त्या एका सुराला ‘नैसर्गिक’ म्हणून दुप्पट भाव लावला जातो, ते मला पटत नाही.

(दृश्य: पणजी. भाड्याची खोली, खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर बरण्या.)

या चित्रफितीची सुरुवात खरं तर इथे झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी मी घरी ओठांचा बाम करायला घेतला. वास हवा म्हणून केकमध्ये घालायचं इसेन्स त्यात ओतलं. ते तेलात मिसळेना. ढवळलं तर मिसळल्यासारखं दिसलं आणि गार झाल्यावर खाली थेंब जमले. जुलै महिना. आठ दिवसांत बामवर हिरवट ठिपके आले. चूक साधी होती. इसेन्समध्ये पाणी असतं, आणि पाणी आलं की बुरशी आली. गोव्याच्या पावसात तर तिला आमंत्रणही लागत नाही.

मग मी ‘व्हॅनिलाचं शुद्ध तेल’ असं लिहिलेली बाटली विकत आणली. लवंगेचं तेल वाफेवर निघतं, गवती चहाचं निघतं. व्हॅनिलाचं तसं निघत नाही. शेंगेचा गंध अल्कोहोलमध्ये उतरवतात, किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढतात, आणि तो दाट, गडद अर्क महाग असतो. माझ्या हातात आलेलं पाण्यासारखं पातळ, पांढरं, स्वस्त तेल दुसरंच काही होतं. ही माहिती मला पैसे गेल्यावर मिळाली. तुम्हाला आधीच मिळू दे.

फेणीचंही विचारतात. शेंग अल्कोहोलमध्ये छान उतरते हे खरं. पण काजूची फेणी आपला वास कुणाला दाबू देत नाही, आणि अल्कोहोल तेलात मिसळतही नाही. ओठांना झोंबतं ते वेगळंच.

(दृश्य: काकींचं स्वयंपाकघर. पाटावर बरणी, सुरी, खोबरेलाची बाटली.)

तेव्हा तेल आणि शेंग, दोघांचाच संसार. घाण्याचं खोबरेल 100 ग्रॅम. चांगल्या वाळलेल्या दोन शेंगा, मिळून सात-आठ ग्रॅम. शेंग उभी चिरायची. आत काळे, रवाळ दाणे दिसतात, ते सुरीच्या पाठीने खरवडायचे. दाणे आणि सालं सगळं बरणीत. बरणी कोरडी म्हणजे अगदी कोरडी, उन्हात तापवून घेतलेली. शेंगेला ओल असेल तर आधी दोन दिवस पंख्याखाली. झाकण लावून अंधाऱ्या फळीवर चार ते सहा आठवडे. आठवड्यातून दोनदा हलवायची. घाई असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवून दोन-तीन तास मंद आच द्या, पण पाणी उकळू देऊ नका.

सहा आठवड्यांनी मलमलच्या फडक्यातून गाळायचं. दाणे राहू द्यायचे नाहीत. ते ओठांना खरखरीत लागतात.

आता खरं सांगायची वेळ. हा वास मंद असतो. तेलात शेंग तेवढी उतरत नाही जेवढी अल्कोहोलमध्ये उतरते. बाटली उघडल्या उघडल्या खोलीभर घमघमाट होणार नाही. सुरंगीचा वळेसर माळलेली बाई दारातून आत आली की घराला कळतं, तसं इथे होत नाही. हातावर तेल चोळायचं, ऊब लागू द्यायची आणि मग नाक जवळ न्यायचं. तेव्हा तो येतो. मला पहिल्यांदा वाटलं, फसलं. आता मला तेवढाच हवा असतो.

(दृश्य: भिरंडेलाचा गोळा. काकी विळीवर त्याचा कीस पाडत आहेत.)

हे भिरंडेल. शेजारच्या सिंधुदुर्गात याला मुठेल म्हणतात, कारण ते मुठीत दाबून वळलेलं असतं. भिरंडांची म्हणजे कोकमांची सालं सोलांसाठी जातात. उरलेल्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगलेलं तेल गोळा करायचं. गार झालं की पांढरट, दगडासारखं घट्ट. अंगाच्या उबेच्या जवळपास वितळतं. टाचांच्या भेगांना याहून चांगलं काही आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या कुणी शोधलेलं नाही. शहरात परदेशी शिया बटर मागवतात आणि हे चुलीमागच्या फळीवर पडून असतं, याचं वाईट वाटतं.

बामचं प्रमाण, वजनाने: व्हॅनिलाचं खोबरेल 60 ग्रॅम, भिरंडेल 25, मधमाशीचं मेण 15. खोबरेल 24-25 अंशांनाच पातळ होतं. गोव्यात वर्षातले किती दिवस दुपारचा पारा त्याच्या खाली जातो? म्हणून मेण लागतंच. मेण आणि भिरंडेल पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं. उतरवून, थोडं निवल्यावर तेल घालायचं, नाहीतर वास उडतो. मग लगेच डबीत. एप्रिलमध्ये करत असाल तर मेण दोन-तीन ग्रॅम वाढवा.

पाण्याचा थेंब नाही, म्हणून टिकवायला वेगळं औषध लागत नाही. फक्त ओलं बोट डबीत घालायचं नाही. पाणी घालून मलई करायचा मोह होईल. ते काम वेगळं, त्याला परिरक्षक, म्हणजे टिकवणारं औषध, लागतोच. घरच्या घरी अंदाजाने करू नका.

साबण करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. व्हॅनिला घातलेला पांढरा साबण काही दिवसांत तपकिरी होतो. व्हॅनिलिनचा तो स्वभाव आहे. साबण खराब झाला असं समजून टाकू नका.

आणि एक कळकळीने. शेंगेतलं आहे म्हणून ते प्रत्येकाला सोसेलच असं नाही. व्हॅनिलाची ॲलर्जी काहींना असते. पेरू बाल्सम या झाडाच्या सुगंधी चिकाची ॲलर्जी ज्यांना आहे त्यांनी जास्त जपावं. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा, दोन दिवस थांबा. लाल झालं, खाज आली तर वापरू नका. तान्ह्या बाळाला वासाचं काहीच नको. हा वास आहे, औषध नाही. डाग, मुरुम, सुरकुत्या यांच्याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. जे काम करतं ते तेल आणि भिरंडेल. शेंग फक्त सोबत.

घरच्यांना द्या, शेजारी द्या. विकायचा विचार असेल तर मात्र 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे नियम आहेत. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो, घरच्या स्वयंपाकघरातून असलं तरी. परवान्याचे सोपस्कार नीट पार पाडा, मग दुकान मांडा.

(दृश्य: संध्याकाळ. तुळशीपुढे दिवा. ओसरीवर काकींच्या सासूबाई, पाय पसरून बसलेल्या.)

डबीवर काकींनी तारीख लिहिली आणि ती सासूबाईंपुढे धरली. वय नव्वदीच्या घरातलं. आजींनी बोटभर काढलं, टाचेच्या भेगेत जिरवलं, सवयीने, न बघता. मग बोटं नाकाशी नेली.

“भिरंडेल आहे,” त्या म्हणाल्या. थोडं थांबल्या. “आणि हा जत्रेतल्या आइस्क्रीमचा वास कुठून आला?”

काकींनी परसाकडे, अंधारलेल्या पोफळींकडे बोट दाखवलं. “तुमच्या घरधन्यांनी लावलेली वेल, आई.”

आजींनी तिकडे पाहिलं आणि बोटं पुन्हा एकदा नाकाशी नेली.