डेव्हिड ससून: पेढी आणि पोरं

मंडळी, बगदादहून मुंबईला येऊन मोठी पेढी उभारणारे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांचा तीन मुलांबरोबरचा एक फोटो बराच प्रसिद्ध आहे. साधारण 1858 सालचा. वडील बसलेले आहेत. डोक्याला बगदादी फेटा, अंगात पायघोळ झगा, पांढरी दाढी. थोरले दोन मुलगे, अब्दुल्ला आणि एलियास, तशाच वेशात आहेत. तिसरा, ज्याचं नावच ससून डेव्हिड, तो मात्र कोट-पाटलोण घालून उभा. जुनी पिढी आणि नवी पिढी, असा अर्थ या फोटोचा लावला जातो. मला तो पटत नाही. हा मुलगा त्याच सुमारास लंडनची पेढी सांभाळायला निघाला होता. तिथं त्या कपड्यांची गरज होती, एवढंच. मुंबईतलं काम फेट्यानं भागत होतं. डेव्हिड ससून यांनी 1853 साली ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, तेव्हा सही केली ती हिब्रू अक्षरांत.

त्यांना कुटुंबवत्सल म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण त्यांची माया पोरांना जवळ ठेवणारी नव्हती. घराण्याचं मूळ बगदादचं. वडील तिथल्या पाशाचे, म्हणजे तुर्की सुभेदाराचे, खजिनदार, म्हणजे दरबारी प्रतिष्ठा पिढीजात. ती एका पाशाच्या लहरीवर गेली. डेव्हिड ससून बगदादमधून निसटले, काही काळ इराणी आखातातल्या बुशहर बंदरात राहिले आणि 1832-33च्या सुमारास बायकापोरांसह मुंबईला आले. वय चाळिशीचं. ज्या वयात माणूस बस्तान बसवून निवांत होतो, त्या वयात हे नव्या गावात शून्यापासून सुरुवात करत होते.

वेळ मात्र चांगली साधली. चीनच्या व्यापारावरची ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी 1833च्या कायद्यानं संपली. 1842च्या नानकिंग तहानं चीनची बंदरं उघडली. दोनच वर्षांनी, 1844 साली, एलियास चीनला रवाना झाला. वय चोवीस.

आता जरा अडचण लक्षात घ्या. मुंबईहून गेलेलं पत्र चीनमधल्या कँटन बंदराला पोचायला कित्येक आठवडे. सुएझहून समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली ती 1870 साली, म्हणजे डेव्हिड ससून गेल्यावर. मधल्या काळात तिकडे माल कोणत्या भावानं विकला, पैसा कुठं गुंतवला, हे इथं बसून कळणार कसं? पगारी गुमास्ता किती खरं सांगेल? यांच्याकडे उत्तर होतं, आठ मुलगे. एकेकाला परदेशच्या पेढीवर धाडायचं, तयार करायचं, परत बोलवायचं, दुसऱ्याला पाठवायचं. पत्रं बगदादी अरबीत, पण हिब्रू लिपीत. वाटेत कोणी फोडलीच तरी डोकं खाजवत बसायचा.

कुटुंबासाठी कुटुंबापासून लांब राहणं मुंबईला नवं नाही. परळ-लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांत झोपून रत्नागिरीला मनीऑर्डर करणाऱ्या चाकरमान्यानं दुसरं काय केलं? फरक एवढाच की चाकरमानी स्वतः लांब राहिला. ससूनशेटनी पोरांना लांब ठेवलं.

या व्यापारात अफू होती, हे गाळून पुढं जाता येणार नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. ती पाठवणारे ससून एकटे नव्हते, पारशी आणि इतर शेटियेही त्यात होते. पण दानधर्माच्या इमारती दाखवताना पैसा कुठून आला हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. इकडच्या पोरांना शिस्त लावणाऱ्या बापाचा माल तिकडच्या घरांत काय करत होता, याचा विचार त्यांनी केल्याचं कुठं दिसत नाही.

त्यांचं घर रक्ताच्या नात्यापुरतं नव्हतं. बगदादहून येणाऱ्या गरीब ज्यूंना पेढीत काम, मुलांना शाळा, प्रार्थनेला भायखळ्याचं सिनेगॉग, असं सगळं त्यांनी उभं केलं. पण त्या घरालाही कुंपण होतं. शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे, घरी मराठी बोलणारे आपले कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, इथं कधीचेच होते; मांडवीला त्यांचं सिनेगॉग 1796 पासून. धर्म तोच. तरी बगदादी मंडळींनी त्यांना बरोबरीचं मानलं नाही. मराठी श्रोत्यांनी हे ऐकून घ्यायला हवं, कारण ससून म्हटलं की आपल्याला फक्त काळा घोड्याचं वाचनालय आठवतं.

नोव्हेंबर 1864 मध्ये ते पुण्याला वारले. तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारातच त्यांची कबर आहे. कापसाच्या तेजीनं तेव्हा मुंबई बेभान झाली होती; 1865ची पडझड त्यांना पाहावी लागली नाही. घरातली पडझडही नाही. 1867 साली एलियासनं वेगळी चूल मांडली, ई. डी. ससून नावाची स्वतंत्र कंपनी. वीस-बावीस वर्षं चीनचा व्यापार अंगावर घेणारा धाकटा, आणि मुख्य गादी थोरल्या अब्दुल्लाकडे. भांडण कळण्यासारखं आहे. अब्दुल्लाचे पुढं सर आल्बर्ट झाले. 1875ची ससून गोदी त्यांची. एलियासच्या शाखेनं मुंबईत गिरण्या काढल्या, त्याच पुढं इंडिया युनायटेड मिल्स झाल्या. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा तिथं साच्यावर उभे राहिले असतील.

आठ मुलगे कोणत्याही पुस्तकात मोजलेले सापडतात. मुली, सुना, नातींची दखल कोणी फारशी घेत नाही. 1894 साली मुंबईची पेढी पाहणारे डेव्हिड यांचे मुलगे सॉलोमन ससून वारले. भाऊ-पुतण्यांतले बरेचसे एव्हाना इंग्लंडात रमलेले, तिथल्या राजपुत्राच्या गोतावळ्यात आणि शिकारीत. तेव्हा सॉलोमन यांच्या पत्नी फरहा, म्हणजे फ्लोरा, कचेरीत जाऊ लागल्या. या अब्दुल्लांच्याच मुलीची मुलगी. अनेक भाषा येणाऱ्या, हिब्रू धर्मग्रंथांच्या व्यासंगी. त्यांनी 1901 पर्यंत मुंबईचा कारभार चालवला आणि मग मुलांना घेऊन लंडनला गेल्या. माझ्या मते म्हाताऱ्याची कामाची रीत त्या पिढीत सगळ्यात जास्त त्यांच्याकडे उतरली होती.