वेळेचे बंधन नसलेला मोसम: रणजी करंडक, १९४८-४९

पुण्यात ५ ते ११ मार्च १९४९ या काळात झालेल्या रणजी करंडकाच्या एका उपांत्य सामन्याचा धावफलक आपण पाहत आहोत. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ डाव घोषित. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. चारही डावांची बेरीज २३७६ होते. जगात कोठेही झालेल्या प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात यापेक्षा अधिक धावा झालेल्या नाहीत. त्याच मोसमात, त्याच शहरात, जेमतेम अडीच महिने आधी आणखी एक सामना खेळला गेला होता आणि तो अर्ध्यावरच थांबला होता. एक सामना संपता संपत नव्हता, तर दुसरा एका कर्णधाराने संपू दिला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या त्या दुसऱ्या मोसमात देशांतर्गत क्रिकेट कोणाच्या हातात होते, हे समजून घ्यायचे असेल तर हे दोन्ही सामने शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.

रणजी करंडक स्पर्धा १९३४ साली सुरू झाली तेव्हा देशाचे विभाग पाडून आधी विभागातले सामने आणि मग विभागविजेत्यांची लढत, अशी तिची मांडणी होती. १९४८-४९ मध्ये ती बाजूला ठेवून सर्व संघांची एकच बाद फेरी खेळवण्यात आली. मुंबई, महाराष्ट्र आणि बडोदा हे एरवी पश्चिम विभागातच एकमेकांना बाद करणारे तीन संघ त्या वर्षी एकाच वेळी उपांत्य फेरीत दिसतात, ते यामुळेच.

मोसमाला आणखी एक पार्श्वभूमी होती. वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाच कसोटी सामने झाले. एव्हर्टन वीक्स याने लागोपाठच्या डावांत शतके ठोकली. भारताकडून रुसी मोदी आणि विजय हजारे यांनी मालिकेत प्रत्येकी पाचशेहून अधिक धावा केल्या. वृत्तपत्रांचे आणि प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच तिकडे होते. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली आणि तिसरी कसोटी वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात सुरू होणार होती. या दोहोंच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, १६ डिसेंबर १९४८ रोजी, पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड हे संघ समोरासमोर आले.

काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर सलामीवीर कमल भांडारकर यांच्या साथीला भाऊसाहेब निंबाळकर आले. ते मूळचे कोल्हापूरचे. चारच दिवसांपूर्वी त्यांना एकोणतीस वर्षे पूर्ण झाली होती. या जोडीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. दुसऱ्या गड्याच्या भागीदारीचा हा विश्वविक्रम पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकला. १९७४ साली इंग्लंडमध्ये जॉन जेम्सन आणि रोहन कन्हाय यांनी दहा धावांनी तो मागे टाकला. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले आणि निंबाळकर खेळत राहिले.

त्यांच्या डावाचा हिशेब थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार आणि नाबाद ४४३ धावा. चौकार-षटकारांच्या धावा २०२ होतात, म्हणजे उरलेल्या २४१ धावा यष्ट्यांमध्ये पळून काढलेल्या आहेत. जोडीदाराच्या धावांसाठी जे पळावे लागले ते या हिशेबात धरलेलेच नाही. आठ तासांहून अधिक वेळ खेळपट्टीवर असलेला फलंदाज दमला की उभ्या उभ्या फटके मारू लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. इथे मात्र निम्म्याहून अधिक धावा पायांनी कमावलेल्या दिसतात.

रणजी करंडकातला तोपर्यंतचा वैयक्तिक उच्चांक विजय मर्चंट यांच्या नावावर होता: १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राविरुद्धच केलेल्या नाबाद ३५९ धावा. तो केव्हाच मागे पडला होता. ऑस्ट्रेलियाच्या बिल पॉन्सफर्ड यांची ४३७ ही खेळीही मागे पडली. पुढे एकच आकडा उरला होता, सर डॉन ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनीत क्वीन्सलँडविरुद्ध केलेल्या नाबाद ४५२ धावांचा. बरोबरीला ९ धावा हव्या होत्या, तो ओलांडायला १०.

तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाले तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. आघाडी ५८८ धावांची होती. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी महाराष्ट्रापुढे दोन पर्याय ठेवले: डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. विक्रमासाठी दोन-तीन षटके पुरेशी होतील, तेवढी होऊ द्यावीत, अशी विनंती महाराष्ट्राच्या बाजूने करण्यात आल्याचे सांगितले जाते. ठाकोरसाहेबांनी ती मानली नाही. काठियावाडचा संघ मध्यंतरानंतर मैदानात उतरलाच नाही आणि सामना महाराष्ट्राला बहाल झाला.

या प्रसंगाकडे बहुतेक वेळा एका लहरी संस्थानिकाचा हट्ट म्हणून पाहिले जाते, आणि हट्ट तर तो होताच. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाशी कायमचे जोडले जाऊ नये, ही त्यांची इच्छा सामना सोडूनही पूर्ण झाली नाही; निंबाळकरांचे नाव निघते तेथे काठियावाडचेही निघतेच. पण त्या निर्णयाला दुसरी बाजूही आहे. ५८८ धावांची आघाडी असताना डाव घोषित न करणे हे सामन्याच्या दृष्टीने अनावश्यकच होते. महाराष्ट्राचा संघ त्या वेळी केवळ विक्रमासाठी खेळत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. खटकते ते एवढेच, की स्पर्धेचा सामना अर्ध्यावर टाकून जाण्याची मोकळीक एखाद्या कर्णधाराला इतक्या सहज घेता आली. राजघराण्यातला माणूस संघाचा कर्णधारही असतो आणि आश्रयदाताही, अशी तेव्हाची पद्धत होती आणि खेळाडूंपैकी कोणी त्याला अडवण्याचा प्रश्नच नव्हता. वास्तविक काठियावाडातील संस्थाने त्याच वर्षाच्या प्रारंभी सौराष्ट्र संघराज्यात विलीन झाली होती. राज्य गेले होते, मैदानावरचा अधिकार अजून गेलेला नव्हता.

निंबाळकरांची ती खेळी आजही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी आहे. ते कसोटी सामना मात्र एकही खेळले नाहीत. त्या हिवाळ्यात मधल्या फळीत हजारे, मोदी, अमरनाथ, अधिकारी आणि फडकर असताना जागा काढणे अवघड होते हे खरे. तरीही ४४३ धावांनंतर उरलेल्या तीन कसोटींपैकी एकीतही त्यांचा विचार होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर धावफलकांत सापडत नाही. पुढे होळकर आणि रेल्वे या संघांकडून ते दीर्घकाळ खेळले. डिसेंबर २०१२ मध्ये, वयाची त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

आता फेब्रुवारी १९४९. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाचव्या कसोटीच्या अखेरच्या दिवशी ३६१ धावांचा पाठलाग करणारा भारतीय संघ ८ बाद ३५५ पर्यंत पोहोचला आणि वेळ संपली. सहा धावा कमी पडल्या. त्या क्षणी खेळपट्टीवर असलेल्या दोघांपैकी एक होते दत्तू फडकर. घड्याळामुळे हातचा विजय निसटलेला पाहिलेले हेच फडकर, महिनाभराने, मुंबईच्या संघातून पुण्यात उतरले. या सामन्यात घड्याळाला काहीच अर्थ नव्हता, कारण निकाल लागेपर्यंत खेळत राहायचे होते.

मुंबईच्या पहिल्या डावात माधव मंत्री यांनी २००, उदय मर्चंट यांनी १४३ आणि फडकर यांनी १३१ धावा केल्या. ६५१ धावांना महाराष्ट्राने ४०७ धावांचे उत्तर दिले; त्यात मधू रेगे यांच्या १३३ धावा होत्या. जानेवारीत मद्रासला रेगे आपली पहिली कसोटी खेळले होते आणि ती त्यांची एकमेव कसोटी ठरली. मुंबईकडे २४४ धावांची आघाडी होती. वेळेच्या बंधनात खेळणाऱ्या संघाने येथे प्रतिपक्षाला पुन्हा फलंदाजीला पाठवण्याचा विचार केला असता. बंधन नसलेल्या सामन्यात तसे करण्याचे कारण उरत नाही: गोलंदाजांना विश्रांती मिळते, खेळपट्टी आणखी जुनी होते आणि प्रतिपक्ष क्षेत्ररक्षण करून थकतो. मुंबईने पुन्हा फलंदाजी घेतली. मर्चंट यांनी १५६, फडकर यांनी १६० धावा केल्या आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित झाला. मुळात घोषित तरी का केला, असा प्रश्न पडावा इतके काही शिल्लक नव्हते, कारण महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचे लक्ष्य होते.

महाराष्ट्राने ६०४ धावा केल्या. चौथ्या डावात यापेक्षा अधिक धावा तोपर्यंत एकाच संघाने केल्या होत्या: १९३९ साली दरबान येथे इंग्लंडने केलेल्या ५ बाद ६५४. तोही सामना वेळेच्या बंधनाविना खेळला गेला होता आणि अखेर इंग्लंडचे जहाज सुटण्याची वेळ झाली म्हणून अनिर्णित सोडावा लागला होता. पुण्यात कोणाला जहाज गाठायचे नव्हते. रेगे यांनी दुसऱ्या डावातही बरोबर १०० धावा केल्या आणि एकाच सामन्यात मर्चंट, फडकर व रेगे अशा तीन फलंदाजांची दोन्ही डावांत शतके झाली. उरलेली दोन शतकेही महाराष्ट्राच्याच फलंदाजांची. मंत्रींचे द्विशतक धरून एकूण नऊ. इतके सगळे होऊन महाराष्ट्राचा पराभव झाला तो ३५४ धावांनी.

याआधीचा धावांचा उच्चांकही रणजी करंडकातलाच होता: १९४४-४५ च्या मुंबई विरुद्ध होळकर अंतिम सामन्यातल्या २०७८ धावा. म्हणजे पुण्याचा सामना ही एकट्यादुकट्या चमत्काराची गोष्ट नव्हती. फलंदाजांना साथ देणाऱ्या निर्जीव खेळपट्ट्या आणि बाद फेरीत निकाल लागेपर्यंत खेळण्याची पद्धत, या दोन गोष्टींतून त्या दशकात अशा धावसंख्या उभ्या राहिल्या. फलंदाजांच्या पिढ्या त्यातून घडल्या. गोलंदाजांचे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने फारसा विचारला गेला नाही. एका सामन्यात इतके गडी बाद करण्यासाठी दोन्ही संघांच्या गोलंदाजांनी सात दिवसांत जी षटके टाकली, त्यांना विक्रमांच्या यादीत स्वतंत्र ओळ नाही. निंबाळकरांच्या ४४३ धावांना पन्नास चौकार-षटकारांची नव्हे, तर धावून काढलेल्या २४१ धावांची जोड होती, तशीच येथेही धावांच्या डोंगरामागे मेहनत होती. फक्त तिची वाटणी दोन्ही बाजूंना सारखी नव्हती.

अंतिम सामना ब्रेबॉर्नवर मुंबई आणि बडोदा यांच्यात झाला. आदल्या वर्षी इंदुरात होळकर संघाकडून हरल्यामुळे मुंबईचा करंडक हुकला होता. यंदा कर्णधार के. सी. इब्राहिम यांच्या २१९ धावांच्या बळावर मुंबईने बडोद्याला ४६८ धावांनी हरवले आणि करंडक पाचव्यांदा जिंकला. उपांत्य सामन्यानंतर ही लढत एकतर्फीच म्हणावी लागेल.

पुण्याचा उपांत्य सामना सुरू होण्याच्या चार दिवस आधी, १ मार्च १९४९ रोजी, निंबाळकर आणि फडकर या दोघांचेही जन्मगाव असलेले कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. १ मे रोजी बडोदा संस्थानही त्याच प्रांतात विलीन झाले. क्रिकेट संघाचे नाव मात्र बदलले नाही. राजाश्रयावर उभा राहिलेला बडोद्याचा संघ राजाशिवाय पुढच्या मोसमात उतरला आणि १९४९-५० च्या अंतिम सामन्यात होळकर संघाला हरवून त्याने रणजी करंडक जिंकला.