शेवटच्या श्वासानंतरचे सहा तास

(पुण्यातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माणूस अन्नावर जगतो असं आपण म्हणतो, पण शरीराचं कोठार उघडून बघितलं तर हिशोब वेगळाच निघतो. साठ-सत्तर किलोच्या निरोगी माणसाला अंगावरची चरबी महिनाभर तरी तगवते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर साधारण एक दिवस पुरते. पाण्यावाचून तीन-चार दिवस निघतात, आत्ताच्या उन्हात तेवढेही नाहीत. आणि ऑक्सिजन? फुप्फुसं, रक्त, स्नायू सगळं धरून दीड लिटरच्या आत-बाहेर. नुसतं पडून राहिलं तरी मिनिटाला पाव लिटर खर्च होतो. म्हणजे कागदावर सहा मिनिटं, आणि त्यातलाही बराचसा हिमोग्लोबिन सहजासहजी सोडत नाही.

हा ऑक्सिजन लागतो एटीपी नावाचा रेणू बनवायला. एका वेळी अंगात एटीपी असतो पाव किलोच्याही आत, पण तोच मोडून-जोडून दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतका वापरला जातो. बसल्या जागी जी ऊर्जा जाते तिचा मोठा हिस्सा पेशींच्या आवरणावरचे पंप खातात. एक एटीपी मोडला की तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, हे काम अष्टौप्रहर चालू असतं. पंप थांबला की सोडियम आत शिरतं, त्यामागून पाणी येतं आणि पेशी सुजते. मग कॅल्शियम घुसतं, आणि पेशीची स्वतःची पाचकद्रव्यं तिला आतून खाऊ लागतात. मेंदूच्या पेशी हे चार-सहा मिनिटांपलीकडे सोसत नाहीत. स्नायू काही तास तग धरतात. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्याच नसतात. तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, म्हणून तो सर्वांत निवांत. माणूस एका क्षणी गेला असं आपण दाखल्यावर लिहितो, शरीर मात्र हप्त्याहप्त्याने जातं. नातेवाइकांच्या हातात काय उरतं आणि किती वेळ उरतं, ते या हप्त्यांवर ठरतं.

फ्रेंच वैद्य बिशा यांनी १८०० च्या सुमारास जीव तीन पायांवर उभा असल्याचं मांडलं: हृदय, फुप्फुसं आणि मेंदू. एक पाय गेला की बाकीचे दोन पडतात, पण प्रत्येक वेळी क्रम वेगळा. श्वास आधी थांबला, समजा बुडाल्यामुळे, तर हृदय आणखी काही मिनिटं चालतं. बुडालेला माणूस वाचतो तो या मिनिटांत. हृदय आधी थांबलं तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, ऑक्सिजनचा खर्च वीस टक्के, आणि शिल्लक जवळपास शून्य.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण घरोघरी घोटाळा होतो तो इथे. हृदय बंद पडल्यावरही काही जण आचके देतात. जबडा हलतो, घशातून आवाज येतो, आठ-दहा सेकंदांनी एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं. बघणारा म्हणतो, श्वास चालू आहे, थांबा जरा. तो श्वास नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतल्या श्वासकेंद्राची ती शेवटची धडपड असते आणि तिने फुप्फुसांत कामाची हवा जात नाही. धडधाकट माणूस अचानक कोसळला, हाक मारून ओ देत नाही आणि असे आचके देतोय, तर १०८ ला फोन लावा आणि त्याला गादीवरून खाली कडक जमिनीवर घ्या. छातीच्या मधोमध तळहात ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. गादीवर दाबलं तर गादीच दबते. दीर्घ आजाराच्या अखेरीला अंथरुणावर लागलेली घरघर वेगळी. गिळता न आलेली लाळ आणि कफ घशात साठून तो आवाज होतो. तिथे माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात पाणी घालू नये. गंगाजळ द्यायचंच असेल तर ओठ ओले करावेत. चमचाभर पाणीही श्वासनलिकेत उतरतं.

तिसरा पाय मेंदूचा. त्यातला खालचा भाग, ब्रेनस्टेम, मेला की श्वास तिथेच थांबतो. हृदयाला मात्र स्वतःची ठिणगी असते, उजव्या कर्णिकेतल्या, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या, एका छोट्या गाठीत. ऑक्सिजन मिळत राहिला तर ते मेंदूच्या हुकमावाचून ठोके देतं. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास दिला. पुढे ते काम यंत्राकडे गेलं, आणि मेंदू मेलेला, छाती हलणारी, अंग ऊबदार अशी एक नवीनच अवस्था अतिदक्षता विभागात दिसू लागली.

आपल्याकडे तिला १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मृत्यू म्हटलं आहे. त्यासाठी चार डॉक्टर लागतात आणि त्यांतला एकही प्रत्यारोपणाच्या चमूतला चालत नाही. आधी मेंदू कशाने गेला ते स्पष्ट असावं लागतं. झोपेची औषधं, विष किंवा थंड पडलेलं शरीर यांमुळे तसं भासत नाही ना, तेही तपासतात. मग बाहुलीवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाची वात लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, श्वासनळीत नळी घालून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून, आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत राहतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी चाळीस मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तो साठच्या वर चढला तरी छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र मेलं. ही सगळी तपासणी किमान सहा तासांनी पुन्हा करतात. या काळात हात किंचित उचलला गेला तर घरचे हादरतात. ती हालचाल मज्जारज्जूची असते, मेंदूची नव्हे. कोमा वेगळा, त्यातून माणूस परत येऊ शकतो.

हृदय चालू असतं म्हणूनच अशा व्यक्तीचे अवयव देता येतात, आणि पुणे विभागात ते कोणाला जायचे हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती ठरवते. काढलेलं हृदय चार ते सहा तास टिकतं, मूत्रपिंड बर्फात दिवसभर. घरी हृदय बंद पडून गेलेल्या माणसाचं मूत्रपिंड देता येत नाही. डोळे आणि त्वचा देता येतात, सहा तासांच्या आत.

तर घरी कोणी गेलं की आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. पापण्या मिटा, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा. पंखा बंद, कारण वाऱ्याने कॉर्निया सुकतो. एसी चालेल. जमिनीवर उतरवायची आपली रीत आहे, खुशाल उतरवा, पण डोक्याखाली उशी राहू द्या, म्हणजे डोळ्यांत रक्त उतरत नाही. नेत्रपेढीचं काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांतलं काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांत मात्र डोळे घेत नाहीत.

कवळी काढली असेल तर पहिल्या तासात परत बसवा आणि जबडा हनुवटीखालून फडक्याने बांधा. दोन तासांनंतर ते जमणार नाही. स्नायू आखडायला एटीपी लागतो तसा सुटायलाही लागतो. तो संपला की तंतू एकमेकांत अडकून बसतात. ताठरपणा आधी पापण्या आणि जबड्यात दिसतो, मग मान, हात, शेवटी पाय. बारा तासांत सगळं अंग ताठतं, मग सडणं सुरू होईल तसं सैल पडतं. उन्हाळ्यात सगळंच लवकर.

पाठीवर जांभळट डाग दिसले की कुजबुज सुरू होते: मारलं का, साप चावला का? रक्त वजनाने खाली उतरतं, एवढंच. जिथे अंग जमिनीला टेकलेलं असतं ते खवाटे आणि नितंब पांढरेच राहतात. पहिल्या काही तासांत बोटाने दाबलं तर डाग फिका होतो, पुढे होत नाही. आणि अंगातली ऊब? मे महिन्यात दुपारी खोलीत अडतीस अंश असतील तर सदतीस अंशांचं शरीर निवणार कुठे? ‘अजून गरम आहेत’ हा जिवंतपणाचा पुरावा धरू नका. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून मिनिटभर ऐकतात, बाहुल्या बघतात, शक्य असेल तर ईसीजीची सरळ रेघ काढतात. त्यांना तेवढा वेळ द्या.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद देऊन तो काढता येतो. वैकुंठ स्मशानभूमीत असो की आणखी कुठे, दाहिनीच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते.

राहिला दाखला. घरी मृत्यू झाला तर उपचार करणारे डॉक्टर नमुना ४ अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरतात आणि मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. अपघात, विष, भाजणं किंवा कारणच न कळणं, यांत डॉक्टर दाखला देत नाहीत. पोलीस येतात आणि शवविच्छेदन होतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. डॉक्टरांवर चिडून उपयोग नाही. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच लिहिलेलं असेल तर मात्र नम्रपणे विचारा, कशामुळे? हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. कारणाच्या रकान्यात ओळी असतात: वर लगेचचं कारण, खाली मूळ कारण. वर मेंदूतला रक्तस्राव, खाली कित्येक वर्षांचा उच्च रक्तदाब, असं. ती खालची ओळ भरून घ्या. पुढे मुलाच्या छातीत कळ आली की त्याचे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, वडील कशाने गेले.