चरित्रकार आणि धुतलेला शर्ट

नमस्कार मंडळी. साहित्यिक चरित्रकाराच्या करिअरबद्दल बोला म्हणालेत, तर मी सरळ जेम्स बॉस्वेलपासूनच सुरू करतो. स्कॉटलंडचा वकील, वकिली काही धड चालली नाही. १६ मे १७६३ ला लंडनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याला इंग्रजी लेखक आणि शब्दकोशकार डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन भेटले, हा २२ वर्षांचा, ते ५३ चे, आणि तिथून त्यांचं बोलणं टिपायचं जे वेड लागलं ते १७८४ मध्ये जॉन्सन जाईपर्यंत. पण नुसतं टिपून भागत नाही हं. कधीकधी घडवून आणावं लागतं.

ऐका. १७७६ चा मे महिना. जॉन विल्क्स म्हणून एक राजकारणी, त्याचं आणि जॉन्सनचं हाडवैर, दोघांनी एकमेकांविरुद्ध छापून लिहिलेलं. बॉस्वेलला वाटलं, हे दोघं एका टेबलावर जेवले तर? सरळ विचारलं असतं तर म्हाताऱ्याने झापलंच असतं. म्हणून हा जॉन्सनना म्हणाला, डिली (हे एक प्रकाशक) तुम्हाला जेवायला बोलावताहेत, पण बाकीची मंडळी तुम्हाला चालणारी असतील तरच! झालं, जॉन्सन भडकले, यजमानाने कोणाला बोलवावं हे मी कोण सांगणार! फसले.

त्या दिवशी हा न्यायला गेला तर स्वारी विसरलेली, अंगभर धूळ, पुस्तकं झटकतायत, आणि घरात राहणाऱ्या मिसेस विल्यम्सना सांगून बसलेत की आज जेवण घरीच. मग हा त्या अंध बाईंच्या विनवण्या करायला खाली पळाला, त्या हो म्हणाल्या, तेव्हा कुठे जॉन्सननी नोकराला हाक मारली, फ्रँक, धुतलेला शर्ट आण!

डिलींकडे विल्क्सला बघून जॉन्सन आधी खिडकीशी पुस्तक घेऊन फुगून बसले. जेवायला मात्र विल्क्स शेजारीच, आणि तो ह्यांना वाढतोय काय, हा तुकडा घ्या, थोडी ग्रेव्ही, थोडं लिंबू पिळू का, जॉन्सन हळूहळू विरघळलेच की.

हे सगळं बॉस्वेलने लिहिलेल्या जॉन्सनच्या चरित्रात आलं १७९१ मध्ये, तेही १६ मेलाच, पहिल्या भेटीला बरोबर २८ वर्षं.

तर सांगत होतो, घडवून आणावं लागतं. त्या रात्री बॉस्वेल जॉन्सनना घरी सोडायला गेला, तर ते मिसेस विल्यम्सना सांगत होते, विल्क्सबरोबर दिवस फार मजेत गेला.