मेयोचे गोल कुठे आहेत?

(डब्लिनमधल्या मराठी मंडळींसमोर २०२६ च्या मोसमाआधी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं शनिवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या क्लबच्या मैदानावर चिखलात लोळत असतात. त्यामुळे गेलिक फुटबॉल म्हणजे काय, इथपासून सुरुवात करत नाही. ज्यांची मुलं अजून क्रिकेटवरच अडून आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यं सांगतो. संघात १५ जण, चेंडू हातातही घेता येतो आणि पायानेही मारता येतो. दोन उंच खांबांमधून आडव्या दांडीखाली जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर पॉइंट, म्हणजे १ गुण. म्हणून इथला धावफलक जोडीने लिहितात. २-१४ म्हणजे २ गोल आणि १४ पॉइंट, एकूण २०. ही बेरीज आज बरीच लागणार आहे.

मेयो ही पश्चिमेकडची, अटलांटिकच्या काठची काउंटी. नागपूरच्या लोकांना मेयो म्हटलं की हॉस्पिटल आठवतं. ते ज्या व्हाइसरॉयच्या नावाने ओळखलं जायचं, त्या लॉर्ड मेयोची उमरावकी याच काउंटीची. असो. मेयोने ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटी संघांची सगळ्यात मोठी स्पर्धा, शेवटची जिंकली १९५१ मध्ये. त्यानंतर १९८९ पासून २०२१ पर्यंत हा संघ ११ वेळा फायनलला गेला आणि ११ वेळा हरून परतला. दर वर्षी जानेवारी उजाडला की इथल्या ऑफिसांत, पबमध्ये, बसस्टॉपवर एकच प्रश्न सुरू होतो: यंदा मेयो?

उत्तर द्यायच्या आधी शापाचा विषय मिटवून टाकू, कारण तो निघाल्याशिवाय राहत नाही. गोष्ट अशी की १९५१ चा विजयी संघ ट्रकवरून गाजतवाजत परत येताना फॉक्सफर्ड गावात एका अंत्ययात्रेसमोर थांबला नाही. पाद्रीबुवा रागावले आणि म्हणाले, या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयोला कप मिळणार नाही. गोष्ट झकास आहे. पण मेयोच्या बायकांनी १९९९, २०००, २००२ आणि २००३ असे चार ऑल-आयर्लंड कप जिंकले, त्यांना शाप आडवा आला नाही. त्या १९५१ च्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये वारले, मेयो टायरोनशी फायनल हरल्यावर दोनेक आठवड्यांनी. म्हणजे शाप खरा मानला तरी त्याची मुदत संपली. त्यानंतर मेयो एकदाही फायनलला पोचलेलं नाही. शापवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

मला शापापेक्षा धावफलक वाचायला आवडतात. २०१२ ते २०२१ या काळातल्या मेयोच्या फायनल घ्या. २०१२ ला डोनेगॉल २-११, मेयो ०-१३. २०१३ ला डब्लिन २-१२, मेयो १-१४. २०१६ ला डब्लिन २-९, मेयो ०-१५, म्हणजे बरोबरी. आणि रिप्लेत, म्हणजे पुन्हा खेळवलेल्या सामन्यात, डब्लिन १-१५, मेयो १-१४. २०१७ ला डब्लिन १-१७, मेयो १-१६. २०२० ला डब्लिन २-१४, मेयो ०-१५. २०२१ ला टायरोन २-१४, मेयो ०-१५. शेवटचे दोन पुन्हा ऐका. एक सामना कोविडमुळे डिसेंबरात डब्लिनच्या रिकाम्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये झाला, दुसरा पुढच्या सप्टेंबरात; प्रतिस्पर्धी वेगळे, पण धावफलक तंतोतंत तोच.

या सात सामन्यांची बेरीज केली तर दांडीवरून मारलेले पॉइंट मेयोचे १०२, समोरच्यांचे ९२. म्हणजे जो हरतो असं म्हणतात, त्याने दहा पॉइंट जास्त मारलेत! आता गोल मोजा. समोरच्यांचे १२, मेयोचे ३. नऊ गोलांचा फरक, म्हणजे २७ गुण. त्यातून दहा वजा करा, १७ उरतात. एका पिढीचं दुःख या १७ गुणांत आहे. जुना दाखला हवा असेल तर १९९६ चा रिप्ले पाहा: मीथ २-९, मेयो १-११. तिथेही पॉइंट मेयोचेच जास्त आणि कप मीथचा.

यावर लोक म्हणतात, नशीब. थोडं आहेच. २०१६ च्या पहिल्या सामन्यातले डब्लिनचे दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंना लागून आत गेले. डब्लिनने स्वतः एकही गोल मारला नाही आणि तरी फलकावर दोन गोल! असं एकदा होतं, त्याला नशीब म्हणा. पण २०१२ ला मायकल मर्फीचा गोल तिसऱ्या मिनिटाला, २०१७ ला कॉन ओ'कॅलाहनचा दुसऱ्या मिनिटाला, आणि २०२० ला डीन रॉकचा अवघ्या १३ सेकंदांत. लोक अजून खुर्च्यांवर टेकत होते. तीन फायनलमध्ये सुरुवातीलाच गोल खाल्ला, हे नशीब म्हणून सोडून देता येत नाही. सामना सुरू करायला चेंडू वर फेकला गेला की मेयोचे हाफबॅक, म्हणजे बचावातली पुढची फळी, पुढे धावायला आतुर असतात, ही त्यांची ताकद आहे आणि त्यांच्या पाठीमागे उघडं पडणारं मैदान ही तिची किंमत.

दुसऱ्या बाजूचे तीन गोल कोणी मारले, हेही बघण्यासारखं आहे. २०१६ च्या रिप्लेत ली कीगन, २०१७ मध्ये पुन्हा ली कीगन. हा बचावातला माणूस! म्हणजे गोल मारायलासुद्धा मागून कीगनलाच यावं लागत होतं. फॉरवर्डने मारलेला गोल २०१३ चा, अँडी मोरनचा. २०२१ ला पेनल्टी मिळाली तीसुद्धा हुकली. तेव्हा मेयोच्या संधीचा अंदाज घ्यायचा तर बाकी सगळं नंतर. आधी गोल कोण मारणार ते सांगा.

इथे आपल्याकडच्या सवयीने कोणी म्हणेल, नसेल फॉरवर्ड तर आणा विकत. आयपीएलमध्ये लिलावात हात वर केला की बॉलर मिळतो. इथे ती सोय नाही. खेळाडूंना पगार नाही. शिक्षक, गार्डा (इथले पोलीस), इंजिनिअर अशी नोकरी सांभाळून खेळतात, आणि माणूस आपल्या क्लबच्या काउंटीकडूनच खेळतो. २०२२ च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या १ लाख ३८ हजारांच्या आतबाहेर होती. डब्लिन काउंटीची साडेचौदा लाखांच्या आसपास. त्या १ लाख ३८ हजारांतून डेव्हिड क्लिफर्डसारखा फॉरवर्ड जन्माला यावा लागतो. तो केरीत जन्माला आला. त्यावर उपाय नाही. आणि मेयोची मुलं पिढ्यानपिढ्या बाहेर गेली आहेत, हेही विसरू नका. मेयो ज्या प्रांतात येतं त्या कॉनॉटच्या स्पर्धेत लंडन आणि न्यूयॉर्कचे संघ उगाच खेळत नाहीत. २०१३ ची कॉनॉट फायनल मेयो विरुद्ध लंडन अशी झाली होती.

आता नियमांकडे येतो, कारण २०२५ पासून खेळ बराच बदललाय. डब्लिनचे माजी मॅनेजर जिम गॅव्हिन यांच्या समितीने नवे नियम आणले. गोलपासून ४० मीटरवर एक कमान आखलेली असते, तिच्या बाहेरून दांडीवर मारलं की २ गुण. गोलकीपरची किक-आउट, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणारी किक, त्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे, त्यामुळे शेजारच्याला हळूच पास देऊन सुटका नाही. आणि प्रत्येक संघाचे तीन खेळाडू कायम समोरच्या अर्ध्या मैदानात राहायला हवेत, म्हणजे चौदा जणांनी गोलसमोर भिंत बांधून बसणं बंद.

या नियमांनी गोलचं वजन कमी केलंय असं माझं मत आहे. २०२१ ची फायनल २० गुणांत जिंकता आली. २०२५ च्या फायनलमध्ये केरीने डोनेगॉलविरुद्ध १-२६, म्हणजे २९ गुण केले, आणि तो एक गोल आला तेव्हा सामना जवळजवळ संपला होता. तीन गुणांचा धक्का वीसात जेवढा जाणवतो तेवढा तीसात जाणवत नाही. कागदावर ही मेयोसाठी आनंदाची बातमी आहे. ज्यांचं दुखणं गोल हे होतं, त्यांच्यासाठी गोलचाच भाव उतरला.

पण भाव चढला कशाचा? लांबून मारणाऱ्याचा आणि उंच किक-आउट हवेत पकडणाऱ्याचा. २०२५ ची क्वार्टर फायनल ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. गतविजेता आर्मा दुसऱ्या हाफमध्ये किक-आउट मारतोय, केरी तो चेंडू हिसकावतोय, आणि पुन्हा पुन्हा तेच. केरीने सलग १४ गुण केले, आर्माचा एकही नाही. तिथेच सामना गेला. मेयोचा खेळ वर्षानुवर्षं चेंडू हातात घेऊन धावत आत घुसण्याचा. तो बघायला सुरेख, पण कमानीच्या आत शिरून मारलेल्या पॉइंटला अजूनही एकच गुण मिळतो. रायन ओ'डोनोह्यू सोडला तर लांबून भरवशाने मारेल असं दुसरं नाव चटकन माझ्या तोंडावर येत नाही.

गेल्या वर्षीचा मेयो आठवा. लीगमध्ये, म्हणजे ऑल-आयर्लंडच्या आधी होणाऱ्या वेगळ्या स्पर्धेत, फायनलपर्यंत गेले, तिथे केरीकडून हरले. कॉनॉट फायनल गॉलवेकडे दोन गुणांनी गेली. मग कॅसलबारला, स्वतःच्या घरात, कॅव्हनकडून मार खाल्ला. नंतर ओमाला, टायरोनच्या घरात, जाऊन टायरोनला हरवलं. तोच टायरोन पुढे सेमीफायनलला गेला. कुठलं खरं मानायचं? शेवटचा सामना रॉसकॉमनच्या हाइड पार्कवर डोनेगॉलशी. शेवटच्या क्षणांत मेयोने बरोबरी साधली. बरोबरी झाली असती तर मेयो स्पर्धेत टिकत होतं. फक्त पुढची काही सेकंदं चेंडू अडवून धरायचा होता. डोनेगॉलची किक-आउट उडाली, चेंडू मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला गेला आणि किरन मूरने दांडीवरून मारला. ०-१९ विरुद्ध १-१५. मेयो घरी. या वेळी गोल मेयोचा होता, डोनेगॉलचा एकही नव्हता, तरी हरले. म्हणजे जुनं दुखणं बरं व्हायच्या आत नवं सुरू झालं, ते किक-आउटचं.

लीगच्या निकालांवरून मात्र कोणी उड्या मारू नका. २०२३ ला मेयोने लीग जिंकली आणि बरोब्बर एका आठवड्याने रॉसकॉमनने त्यांना कॅसलबारमध्ये हरवलं. उलट उदाहरण केरीचं: २०२५ च्या जूनमध्ये मीथने त्यांना नऊ गुणांनी धुतलं, पेपरांनी त्यांना मोडीत काढलं, आणि जुलैअखेर कप त्यांच्याच हातात.

यंदा स्पर्धेची रचनाही वेगळी आहे. गट गेले. १६ संघ, पहिला सामना हरलात तरी आणखी एक संधी, पण दुसरा पराभव म्हणजे बाहेर. लांबच्या वाटेने जाणं मेयोला नवं नाही. २०१६ आणि २०१७ ला कॉनॉटमध्ये हरून, मागच्या दाराने हे फायनलला गेले होते. २०१७ च्या उन्हाळ्यात तर चॅम्पियनशिपचे दहा सामने खेळले. पण तेव्हाचा बेंच वेगळा होता. आता तेवढा दम दिसत नाही.

नवा मॅनेजर आहे अँडी मोरन. तोच, २०१३ चा गोल मारणारा आणि २०१७ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू. याआधी लायट्रिमचा मॅनेजर होता. न्यूयॉर्ककडून पेनल्टीवर हरण्याची नामुष्कीही त्याने २०२३ ला भोगली आहे. फॉरवर्ड म्हणून खेळलेला माणूस संघाच्या डोक्यावर बसला की फॉरवर्डना चेंडू लवकर मिळू लागतो, एवढी आशा धरायला हरकत नाही. समोरच्या अर्ध्यात तीनच्या तीन मोकळे सोडले आहेत, तिथे लांब आणि लवकर चेंडू टाकला तर जाळी दिसते.

माझा हिशेब सांगतो. क्वार्टर फायनल, बहुतेक हो. सेमीफायनल, सोडतीत प्रतिस्पर्धी बरा पडला तर. कप, नाही. केरी आणि डोनेगॉल अजून पुढे आहेत. मागच्या रांगेतल्या कॅसलबारच्या ताई मान हलवतायत, त्यांना हे पटलेलं नाही. त्यांच्यासाठी एक अट ठेवतो. मेयो लीगच्या पहिल्या विभागात आहे, तगडे संघ आपोआप समोर येतील. जिंकले की हरले ते बघू नका. ओ'डोनोह्यू वगळून आणखी दोन फॉरवर्डच्या नावावर एप्रिलपर्यंत गोल लागले, आणि स्वतःच्या लांब किक-आउटपैकी निम्म्याहून जास्त मेयोने राखल्या, तर मे महिन्यात मला फोन करा. मी माझा हिशेब बदलेन आणि क्रोक पार्कची तिकिटंही मीच काढेन.