तोंडाचा वास माशाचा नसतो हो

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी फोंड्यात एवढे लोक कुत्र्यामांजरांच्या दातांबद्दल ऐकायला आलेत, खूप बरं वाटलं बघून.

लस द्यायला कुत्रा आणतात तेव्हा मी त्याचा ओठ वर करून बघतेच. मागच्या वरच्या दाढेवर पिवळा-तपकिरी थर असतो, हिरडी लाल झालेली, वास येतोय, आणि घरचे म्हणतात, "डॉक्टर, बांगडे खातो ना तो, म्हणून." माशाचा वास थोड्या वेळाने जातो हो, रोज येणारा घाण वास हिरडीतून येतो, आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्यामांजरांत हा हिरड्यांचा आजार थोडाफार सुरू झालेला असतो.

होतं काय, की दातावर जिवाणूंचा मऊ चिकट थर बसतो आणि मऊ आहे तोवर तो ब्रशने सहज निघतो, पण लाळेतले क्षार त्यात बसत गेले की दोन-तीन दिवसांत तो टणक व्हायला लागतो, त्याला टार्टर म्हणतात, मग घरी काहीही घासा तो हलत नाही. लाळेच्या नळ्या वरच्या दाढांपाशीच उघडतात, म्हणून सगळ्यात जास्त तिथे साचतं. आता तुम्हीच सांगा, आठवड्यातून एकदा ब्रश करून कसं भागेल? रोज हवा.

सवय मात्र सावकाश लावायची. पहिले काही दिवस नुसतं बोट, चिकनच्या पाण्यात बुडवून, पण त्या पाण्यात मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. मांजराला सुंगटं, म्हणजे कोळंबी, उकडलेलं पाणी फार आवडतं. मग बोटाला गॉज, म्हणजे जखमेला बांधतात ते जाळीदार कापड, गुंडाळून घासायचं, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. तोंड उघडायला लावू नका, नुसता ओठ उचला, दात आणि हिरडी मिळते तिथे ब्रश तिरका धरा आणि बाहेरच्या बाजूने हलक्या हाताने गोल फिरवा, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. एका बाजूला ३० सेकंद पुष्कळ झाले. चिडला, मान फिरवली, तर तिथेच थांबा, उद्या परत. जबरदस्ती केलीत तर तो ब्रश बघूनच पलंगाखाली जाईल.

आपली टूथपेस्ट नको. ते थुंकत नाहीत, सगळं गिळतात, फ्लोराईड पोटात जातं, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते, जीव जाऊ शकतो. प्राण्यांची वेगळी पेस्ट मिळते, ती नसेल तर नुसत्या पाण्याने घासा, घासणं महत्त्वाचं. मीठ, लिंबू, कोळसा काही नको. लवंगेचं तेल मांजराला विषारी आहे, चुकूनही लावू नका. खोबरेल लावू का, असं खूप जण विचारतात, पण नुसतं तेल लावलं म्हणजे थर निघाला असं होत नाही.

आता हाडं. हाड चावलं की दात साफ होतात, असं घराघरात म्हणतात, पण वरची मोठी दाढ तुटलेली कुत्री येतात ती हाडं, खुरं, करवंट्या चावूनच. शिजवलेल्या हाडाचे तर टोकदार तुकडे पोटात जातात. चावायला देताय त्या वस्तूवर नख दाबून बघा, खूण उठली नाही तर ती दाताला जास्तच कडक आहे. आणि मिरामारच्या किनाऱ्यावर टेनिस बॉल खेळवता ना, त्या लोकरीत वाळू भरली की तो सँडपेपरसारखा दात झिजवतो, गुळगुळीत रबरी बॉल घ्या.

पोमेरेनियन, शिह त्झू असे छोटे कुत्रे असतील तर सहा-सात महिन्यांच्या सुमारास सुळे नीट बघा. दुधाचा सुळा पडलेला नसतो आणि शेजारी पक्का आलेला असतो, मग दोघांच्या फटीत घाण अडकते. नसबंदीच्या वेळीच तो दुधाचा दात काढून घेता येतो.

कुणीतरी म्हणालं, बेशुद्ध न करता दात साफ करून देतात, स्वस्तात होतं. दिसायला पांढरे होतात खरे, पण आजार हिरडीच्या खाली असतो आणि जागा प्राणी तिथे हात लावू देत नाही. म्हणून नीट सफाई भूल देऊनच करावी लागते, आणि भूल देण्याआधी रक्त तपासून घ्या, म्हातारा कुत्रा असेल तर नक्कीच.

मांजरवाल्यांना एक वेगळं सांगते. मांजर भांड्यापाशी जातं, खायला तोंड लावतं आणि मागे सरतं, लाळ गाळतं, जबडा थरथरतो, असं दिसलं तर ब्रश बंद करा. मांजरांत दात विरघळत जायचा एक आजार असतो, त्याचं दुखणं भयंकर, तो एक्स-रेशिवाय पूर्ण कळत नाही, आणि बहुतेक वेळा दात काढावाच लागतो. दात काढल्यावर खाईल कसं, ही काळजी करू नका, दुखणं थांबलं की मांजरं मऊ खाणं आरामात खातात.